डीपीचा तंबोरा

माझी आजवर सगळ्यात जास्त वेळा वाजलेली रचना हरभऱ्याच्या शेतात वाजली. श्रोते होते रोही आणि रानडुकरं. श्रोते उठून गेले तरच कार्यक्रम यशस्वी, असा उलटा हिशेब होता. पहिल्या चार रात्री ते गेले. पाचव्या रात्री मी काकांबरोबर बॅटरी घेऊन शेतात गेलो, तर एक रोही भोंगा बांधलेल्या बांबूला मान घासत उभा होता आणि त्याच्या डोक्यावर माझा वाघ डरकाळ्या फोडत होता.

तोपर्यंत मला वाटत होतं, आवाजातलं मला कळतं.

मी वरवट बकालचा. शेगावहून संग्रामपूरकडे निघालं की संग्रामपूरच्या अलीकडे आमचं गाव लागतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, दक्षिणेला पूर्णा, मधे सपाट काळी जमीन आणि तिच्यावर पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. पूर्णेकडे सरकावं तसं विहिरीचं पाणी खारट होत जातं. निळ्या रेघेकडे सरकावं तसं जंगल दाट होतं. तिथे अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा एक भाग. आमच्या शेतात मात्र वाघ नाही. रोही आहेत, रानडुकरं आहेत आणि त्यांच्यासाठी रात्र रात्र केलेली जागल आहे.

पुण्यात मी मालिकांसाठी आवाजाचं काम करतो. संवाद धुऊन काढायचे, पावलं, दारं, पाऊस लावायचा. पक्षी आम्ही तयार साठ्यातून उचलायचो. वाड्यातल्या सकाळीला कुठलातरी विलायती पक्षी ओरडायचा आणि आजवर एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नव्हती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत शूटिंग थांबलं तेव्हा मी महाराष्ट्र एक्सप्रेसने शेगावला उतरलो तो पुढचं जवळजवळ वर्षभर गावातच राहिलो. पिशवीत कपडे कमी होते, पण रेकॉर्डर होता.

हाताच्या पंज्याएवढं ते यंत्र. वाऱ्याचा फडफडाट येऊ नये म्हणून त्यावर करड्या केसांची टोपी चढवावी लागते. गल्लीतल्या एका पोरानं लांबूनच विचारलं, "काका, हा उंदीर चावते काय?"

रस्त्यावरची वाहतूक बंद होती. एसटी नाही, ट्रक नाही. एरवी पहाटेच्या रेकॉर्डिंगमध्ये दर दोन मिनिटांनी एक इंजिन घुसतं. त्या उन्हाळ्यात अर्धा अर्धा तास काहीच घुसत नव्हतं. चारच्या सुमारास नाल्याकडच्या धुऱ्यावर जायचं, बाभळीच्या फांदीला यंत्र बांधायचं, हेडफोन लावायचे आणि वायर पुरेल तितकं मागे सरकून बसायचं.

अंधारात आधी रातवा बोलायचा. फरशीवर गोटी सोडली की ती आधी सावकाश आणि मग घाईघाईनं टप्पे घेते ना, तसा त्याचा आवाज. उजाडायला अजून बराच वेळ असताना कोतवाल सुरू व्हायचा आणि तो सुरू झाला की थोड्याच वेळात रातवा गप्प. मग दयाळ. मग होला. पूर्वेला फटफटलं की कोकीळ आणि नाल्यापलीकडून मोर. सातभाई उजेड पडल्यावर, भांडतच यायचे. आणि मेच्या मध्यापासून दिवसा, कधी चांदण्या रात्रीही, आंब्यावरून पावशा: पेरते व्हा, पेरते व्हा. आमच्याकडे पावसापाण्याचा अंदाज अक्षय तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीवरून बांधतात, पण घट वर्षातून एकदाच बोलतो. पावशा पेरणीपर्यंत पिच्छा सोडत नाही.

या सगळ्याखाली एक सलग 'घूं' होती. आमच्या शेताच्या कोपऱ्यावर मोटारपंपांसाठीची डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, आहे, तिची. मी ती फिल्टर लावून साफ उडवली. कामाची सवय, घरघर दिसली की कापायची.

मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसात बेडकांनी मात्र मला हरवलं. दिवसभर चिडीचूप असलेला नाला रात्री नऊ वाजता असा उठला की यंत्राची पातळी ठरवायलाही सवड मिळाली नाही. घरी येऊन ऐकलं तर सगळा आवाज फाटलेला. त्या वर्षी तसा पाऊस परत त्या वेळेला आला नाही. बेडकांची ती रात्र माझ्याकडे फाटकीच आहे.

जून संपता संपता माझ्याजवळ चाळीसेक तासांचा ऐवज जमला आणि मी रचनेला बसलो. अशा कामाचा इतिहास मला थोडाफार माहीत होता. १८८९ साली जर्मनीत लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलानं एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर पाळलेल्या पक्ष्याचा आवाज घेतला होता. पक्ष्याचा हा जगातला पहिला ध्वनिमुद्रित आवाज मानतात, आणि तो पक्षी होता आपल्याकडचा शामा. रेस्पिगी या इटालियन संगीतकारानं १९२४ मध्ये भर वाद्यवृंदात नाइटिंगेलची तबकडी वाजवायला लावली. फिनलंडच्या राउतावारानं १९७२ मध्ये 'कांतुस आर्क्टिकुस' लिहिलं. त्यात वाद्यवृंदाबरोबर उत्तरेकडच्या पाणथळीतले पक्षी टेपवर वाजतात आणि एका चंडोलाचा आवाज दोन सप्तकं खाली उतरवलेला आहे.

आणि आपला शारंगदेव. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारी बसून त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात स्वरांना सात प्राणी दिले आहेत: षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा, निषाद हत्तीचा. हत्ती आणि क्रौंच सोडले तर बाकी मंडळी आमच्या शिवारात हजर होती. मला कल्पना भारी वाटली. शारंगदेवाची सरगम वरवटच्या आवाजात.

संगणकावर मोर मांडला, कोकीळ मांडला. आणि पहिल्याच दिवशी कळलं की मोर षड्जावर थांबत नाही आणि कोकीळ पंचमावर थांबत नाही. दोघंही मींड घेतात. कोकिळाचा 'कु' खालून उचलला जातो आणि 'ऊ' वर सरकत राहतो. बोट ठेवायला एक जागा मिळत नाही. मग मी धंद्यातली युक्ती केली. बेसूर गायकाला सुरात ओढायचं जे सॉफ्टवेअर असतं, त्यातून कोकिळाला काढलं, पावशाला काढलं, सगळ्यांना काळी एकच्या तानपुऱ्यावर बसवलं. सातभाईंची भांडणं तोडून केरवा केला. चंडोलाचा वेग चौपट कमी केला आणि त्या किलबिलाटातून संथ, दुखरे स्वर निघाले. त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होतो. चार मिनिटांची चीज झाली. पुण्यातल्या मित्रांना पाठवली. सगळ्यांनी वा वा केलं.

मग आबांना ऐकवली.

आबा माझे आजोबा. तेव्हा ऐंशीच्या पुढचे. उभं आयुष्य जागलीत गेलेलं. डोळे अधू झाले तरी कान शाबूत. ओसरीवर बाजेवर बसवून मी त्यांच्या कानावर हेडफोन चढवले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. हेडफोन उतरवले, हातात धरून उलटसुलट पाहिले आणि विचारलं,

"थ्या दिवशी लाइन नोती काय रे गावात?"

मला कळेना. "कशावरून, आबा?"

"डीपी नाही वाजून राह्यली."

मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला. "अन् रातवा, कोतवाल, सातभाई संगच कसे काय बोलून राह्यले? रातव्याची येळ कोनती, सातभाईची कोनती?"

मी म्हटलं, आबा, ते मी जुळवलंय. गाण्यासारखं.

"हां," आबा म्हणाले. थोडं थांबून, काळजीनं: "पन तुह्या पावशाले काय झालं? थो चढत काहून नाही? बिमार हाये काय थो?"

हा घाव वर्मी लागला. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो तो दर खेपेला आधीपेक्षा वरच्या पट्टीत. चढत चढत जातो, आता याचा गळा फुटतो की काय असं वाटतं आणि तिथेच तो तोडतो. सगळी जान त्या चढण्यात. सॉफ्टवेअरनं त्याची प्रत्येक हाक एकाच स्वरावर आणून ठेवली होती. मला ती सुरेल वाटली. आबांना आजारी पाखरू ऐकू आलं.

चंडोलाच्या संथ तुकड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मीच विचारलं. म्हणाले, "थे कोनतं जनावर हाये मले नाही समजलं. आपल्या इकडचं नाही थे."

राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री परत ऐकायला बसलो तेव्हा चुका माझ्याही कानाला टोचायला लागल्या. आबांनी चांगलं की वाईट हे सांगितलंच नव्हतं. मी त्यांना गाणं ऐकवत होतो आणि ते त्यातून बातमी काढत होते: वेळ कुठली, कोण कुठे आहे, गावात लाइट आहे की नाही. टिटवी ओरडली तर नाल्यातून कुणीतरी चाललंय. सातभाईंनी गलका केला तर झुडपाखाली साप नाहीतर मांजर. आयुष्यभर ज्याला आवाजावरून अंधारात पिकाची राखण करायची होती, तो तसंच ऐकणार.

बर्नी क्राऊस या अमेरिकन ध्वनिमुद्रकाचं म्हणणं मी पूर्वी वाचलं होतं. हा माणूस आधी सिंथेसायझर वाजवायचा. १९७० मध्ये जोडीदाराबरोबर काढलेल्या तबकडीत त्यानं बाहेरचे खरे आवाज वापरले आणि पुढे जन्मभर रानातच ध्वनिमुद्रण करत राहिला. तो म्हणतो, निरोगी जंगलात प्रत्येक प्राण्यानं आपली पट्टी आणि आपली वेळ धरलेली असते, एकमेकांच्या अंगावर कोणी गात नाही. वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती. रचना करताना मात्र सगळ्यांना एकाच पट्टीत आणि एकाच वेळेला कोंबलं. बाजेवरून आबांनी विचारलं तेव्हा ते कानात शिरलं.

दिवाळीनंतर हरभरा उगवला आणि काकांनी वेगळंच काम काढलं. बाजारात बॅटरीवर चालणारे भोंगे मिळतात. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, माणसांचा आरडाओरडा भरलेला असतो. रात्रभर शेतात लावून ठेवायचा, म्हणजे जनावर येत नाही. काका म्हणाले, "तू एवढा आवाजवाला, विकतचा कायले आनू?"

मी एका मिनिटाचा तुकडा केला. वाघाची डरकाळी, कुत्री, मग पुन्हा डरकाळी. दणदणीत, एकदम सफाईदार. चार रात्री तो चालला. पाचव्या रात्रीचं वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी आबांना विचारलं. ते हसले. आमच्या शिवारातल्या रोह्यानं वाघ कधी पाहिलाय का, म्हणाले. आणि एक मिनिटानं तेच, तेच, तेच. जनावर काही येडं नाही. रोही कशाला भितो? जागल्या कुठे आहे हे कळत नाही, याला. म्हणून जागल करणारा माणूस एका जागी बसत नाही. इथे डबा वाजवतो, अर्ध्या तासानं तिकडच्या धुऱ्यावर खोकतो, मधेच बिडी ओढतो, बराच वेळ काहीच करत नाही. त्या 'काहीच नाही'ची जनावराला धास्ती.

आता हे रचनेचंच काम होतं. चार मिनिटांऐवजी मी सहा तासांची लांबी घेतली. वाघ काढून टाकला. गल्लीतली कुत्री घेतली, पण एकदम चार नाही. आधी एक लांबचं, मग बऱ्याच वेळानं जवळचं. तेलाच्या डब्यावर काठी. काकांची 'हुर्र, हो, हो'. आणि आबांचा खोकला. तो मिळवायला कष्ट पडले नाहीत, सकाळी ओसरीवर यंत्र नुसतं ठेवलं. मधल्या जागा मी हातानं ठेवल्या: तीन मिनिटं, एकोणीस, सात, बेचाळीस. कुठेही दोन सारख्या नाहीत. काका रोज संध्याकाळी भोंग्याचा बांबू उपटून दुसरीकडे रोवायचे.

हरभरा वाचला असं म्हणवत नाही; नाल्याकडचा कोपरा डुकरांनी नांगरलाच. पण रोही त्या हंगामात फिरकले तरी धुऱ्यावरूनच परतले. बांबूला मान घासायला पुन्हा कोणी आलं नाही.

आवाज बाहेर वाजवण्याबाबत आणखी एक गोष्ट त्याच वर्षी शिकलो. उन्हाळ्यात एकदा गंमत म्हणून अंगणात फोनवर पावशा वाजवला होता. दोन मिनिटांत खरा पावशा समोरच्या आंब्यावर आला आणि आपल्या हद्दीत कोण शिरलं म्हणून दुपारभर ओरडत राहिला. पाणी नाही, किडा नाही. अभ्यासक हीच युक्ती वापरतात, पण मोजून मापून. १८८४ नंतर नाहीसा झाला असं मानलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा दिसला, त्यानंतर ठिकठिकाणी त्याचा शोध घेताना त्याची ध्वनिमुद्रित हाकही कामी आली. तो आमच्या मेळघाटातही आहे. माझ्याकडे तसलं काही कारण नव्हतं. मी त्या पाखराला उगीच दमवलं. तेव्हापासून पक्ष्यांचे आवाज घराबाहेर स्पीकरवर लावत नाही.

त्या हिवाळ्यात मी जुनी चीज मोडली. चाळीस तासांतून पुन्हा निवड केली, पण या वेळी सुरावरून नाही, घड्याळावरून. रातवा संपल्याशिवाय सातभाई नाहीत. कोकिळाची मींड जशीच्या तशी. पावशा पूर्ण चढतो, त्याच्याबरोबर वाद्य नाही. वाद्यांनी तेवढा वेळ थांबायचं. चंडोल आपल्या मूळ वेगात.

आणि डीपी परत आणली. फिल्टर काढून ती 'घूं' मोजली. आपली वीज ५० हर्ट्झची, रोहित्र गुणगुणतं त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर. पेटीवर शोधलं तर पांढरी पाच, किंचित चढी. तीही अगदी स्थिर नसते, विजेच्या मागणीप्रमाणे केसभर हलते, सुटत चाललेल्या तंबोऱ्यासारखी. मी काळी एक सोडून दिली. काकांची भजनातली पेटी त्या डीपीच्या षड्जाला जुळेना, म्हणून संगणकावर पेटीच केसभर चढवली. पाखरांऐवजी पेटीला ओढलं. रचना अकरा मिनिटांची झाली. तिच्यात पेटी जेमतेम दोन मिनिटं आहे. आठव्या मिनिटाला डीपी एकदम बंद पडते. त्या दिवशी खरंच लाइन गेली होती, ते तसंच ठेवलं.

आबांनी ही दुसरी चीज डोळे उघडे ठेवून ऐकली. आठव्या मिनिटाला म्हणाले, "गेली." शेवटी म्हणाले, "आता बराबर हाये." एवढंच. पेटीबद्दल अवाक्षर नाही.

पुण्याच्या मित्रांना ही पहिल्याइतकी आवडली नाही. एकानं कळवलं, पक्षी छान आहेत, पण ती घरघर काढता आली असती.

भोंग्याचं एक सांगायचं राहिलं. शेत गावाला लागून. माघात एका सकाळी शेजारच्या काकू पितळी गंजात झाकून काहीतरी घेऊन आल्या. अडुळशाचा काढा होता. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आबाले एकडाव शेगावले दवाखान्यात दाखवून आन रे. चार रोज झाले आयकून राह्यली, रातभर बाहीर खोकलत फिरते थो. या वयात जागल कायले करते म्हनावं?"

आबा रोज रात्री आठला घरात, रजईत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी बाजेवरूनच हात पुढे केला, गंज घेतला आणि एक शब्द न बोलता सगळा काढा पिऊन टाकला.